पडलेली पापणी आणि केस पेपरवरचा एक शब्द

मोतीबिंदूच्या रुग्णाची कागदपत्रे सहसा अडत नाहीत. आजाराचे नाव सर्वांना ठाऊक असते, शस्त्रक्रियाही ठाऊक असते. योजनेचा कारकून असो की विमा कंपनीचा माणूस, कोणी शंका काढत नाही. पापणीच्या आजाराचे मात्र तसे नाही. पापणी डोळ्याच्या बाहेर, चेहऱ्यावर, चारचौघांना दिसणारी. तिच्यावर शस्त्रक्रिया म्हटली की कागद पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो सिनेमातल्या नट्यांचा. ‘हे तर सौंदर्यासाठी’ असा शिक्का बसतो आणि खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. खिशात नसेल तर शस्त्रक्रियाच राहून जाते. आजचा लेख या शिक्क्याविषयी आहे. त्यात आजाराविषयी कमी आणि आजाराच्या नोंदीविषयी अधिक लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दर्यापूरकडचे एक शेतकरी काही दिवसांपूर्वी तपासणीला आले होते. वय साठीच्या पुढे. मुलगा पुण्यात नोकरीला असून त्याने आईवडिलांचा मेडिक्लेम काढलेला. या गृहस्थांच्या दोन्ही पापण्या तीन-चार वर्षांपासून हळूहळू खाली येत होत्या. समोर बसले तेव्हा हनुवटी वर, कपाळाला आठ्या आणि भुवया ताणलेल्या. “मान वर केली तं दिसते जी, खाली केली का अर्धं गायब,” असे त्यांनी आपल्या भाषेत सांगितले. मोटारसायकल चालवणे त्यांनी सोडले होते. दिवसभर कपाळाच्या जोरावर पापण्या उचलून धरायच्या, म्हणून संध्याकाळी कपाळ ठणके. त्यावर गावात डोकेदुखीच्या गोळ्या चालू होत्या.

आधी एका दवाखान्यात त्यांना शस्त्रक्रिया सुचवली गेली होती. कागदावर इंग्रजीत एवढेच लिहिले होते: लिड प्रॉब्लेम, लिड सर्जरी करावी. मोजमाप नाही, फोटो नाही, उजवी की डावी तेही नाही. विमा कंपनीने नकार कळवला. कारण एका ओळीचे: सौंदर्योपचार, पॉलिसीत बसत नाही. ते पत्र घडी करून बंडीच्या खिशात घालून ते माझ्याकडे आले.

तो केस पेपर पाहिल्यावर कंपनीवर रागावणे कठीण झाले. दूरच्या शहरात टेबलाशी बसलेल्या माणसाला रुग्णाची उंचावलेली हनुवटी दिसत नाही, कपाळावरच्या आठ्या दिसत नाहीत. त्याला कागद दिसतो. आणि त्या कागदावर नाकारण्यासारखे सर्व काही होते, स्वीकारण्यासारखे काहीच नव्हते.

पापणी किती पडली हे मोजायला मोठे यंत्र लागत नाही. रुग्णाला सरळ समोर पाहायला सांगून डोळ्यावर टॉर्चचा प्रकाश टाकला की बुबुळाच्या मध्यावर एक चमकता ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर साध्या पट्टीने मोजायचे. निरोगी डोळ्यात ते सुमारे ४ ते ५ मिलिमीटर भरते. ते २ किंवा त्याहून कमी झाले की पापणी बाहुलीवर उतरू लागली, असे समजावे. दुसरे मोजमाप पापणी उचलणाऱ्या स्नायूचे. भुवई अंगठ्याने दाबून धरायची, रुग्णाला आधी खाली व मग वर पाहायला सांगायचे आणि पापणीची कड किती मिलिमीटर सरकते ते बघायचे. तिसरी तपासणी दृष्टिक्षेत्राची. ती एकदा पापणी आहे तशी ठेवून करायची आणि एकदा पापणी चिकटपट्टीने वर धरून. दोन्हींतला फरक म्हणजे पापणीने हिरावलेली दृष्टी. ती कागदावर आकृतीच्या रूपात येते आणि कोणालाही समजते. अमेरिकेतही पापणीच्या शस्त्रक्रियेचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवताना फोटो आणि अशी दुहेरी तपासणी मागतात.

या गृहस्थांचे अंतर उजवीकडे १ मिलिमीटर भरले आणि डावीकडे जेमतेम दीड. तसे स्पष्ट लिहून, फोटो व दृष्टिक्षेत्राच्या आकृत्या जोडून कागद पुन्हा पाठवले. दोन महिने गेले, पण मंजुरी आली. रुग्णाची पापणी तीच होती, शस्त्रक्रियाही तीच होती. बदलले होते ते केस पेपरवरचे शब्द.

आता या शब्दांच्या पाठीमागे एक आकडा असतो, त्याविषयी. डिस्चार्ज कार्डावर किंवा विम्याच्या अर्जावर ‘एच ०२.४’ असे काही छापलेले आपण पाहिले असेल. हा आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक होय. याचा उगम १८९३ सालचा. जाक बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली. कोणत्या देशात माणसे कशाने मरतात याची तुलना व्हावी एवढाच हेतू. पुढे ती यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मरणाबरोबर आजारांचीही झाली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी आपल्याकडच्या बिलांवर अजून बहुधा दहावीचेच क्रमांक दिसतात. म्हणजे मुळात हिशेब मृत्यूंचा होता, पैशांचा नव्हता. त्यावर बिले आकारण्याची आणि नाकारण्याची पद्धत नंतर आली. अमेरिकेने तर तिला इतके फाटे फोडले आहेत की उजवी वरची पापणी आणि डावी वरची पापणी यांचे क्रमांकही वेगळे. तिकडच्या बिलांचे हे क्रमांक टाकण्याचे काम हैदराबाद, चेन्नई, पुणे येथे बसून आपलीच मुले-मुली करतात. वाचकांपैकी कोणाची भाची-पुतणी ‘मेडिकल कोडिंग’ला असेल तर तिला विचारून पाहावे.

दहाव्या आवृत्तीत पापणी आत वळून केस बुबुळावर घासत असतील तर एच ०२.०, बाहेर वळली असेल तर एच ०२.१, डोळा मिटतच नसेल तर एच ०२.२, पापणीची कातडी सैल होऊन लोंबत असेल तर एच ०२.३ आणि पापणी खाली पडली असेल तर एच ०२.४. पापणी जन्मतःच पडलेली असेल तर तिचा क्रमांक निराळा, क्यू १०.०. पापणीवर येणारी रांजणवाडी एच ००.० मध्ये जाते.

सगळा घोळ एच ०२.३ आणि एच ०२.४ या शेजाऱ्यांत होतो. कातडी लोंबते तेव्हा अनेकदा ती केवळ दिसायला वाईट असते. पण ती इतकीही लोंबू शकते की पापणीच्या कडेवरून खाली येऊन बाहुली झाकते. उलट, स्नायू ढिला पडून पापणी किंचित उतरली असेल तर दृष्टीला काहीही बाधा नसते. म्हणून नुसत्या क्रमांकावरून ‘हा आजार’ आणि ‘ही हौस’ असे ठरत नाही. ठरते ते दृष्टी किती झाकली गेली यावरून, आणि ते केस पेपरवर लिहावेच लागते. क्रमांक टाकणारा कारकून पापणी मोजू शकत नाही. डॉक्टरने ‘लिड प्रॉब्लेम’ लिहिले तर तो हाताला येईल तो आकडा टाकणार.

येथे एक गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण सांगितलीच पाहिजे. पापणी पडणे हे सदैव म्हातारपणाचे लक्षण नव्हे. सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळी पडत असेल, त्याबरोबर गिळायला किंवा बोलायला त्रास होत असेल, तर तो मायस्थेनिया या स्नायूंच्या थकव्याचा आजार असू शकतो. त्याला औषधे आहेत, आणि क्रमांकही मज्जासंस्थेच्या आजारांतला आहे. एकाएकी एका बाजूची पापणी पडली, डोके फुटेल असे दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी योजना, कार्ड, कॅशलेस हे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. या तिन्ही रुग्णांच्या कागदावर ‘पापणी पडली’ एवढेच लिहिले तर तिघांचा क्रमांक एकच येईल आणि तिघांचा उपचार चुकेल. नीट नोंद करण्याचा आग्रह मी धरतो तो काही फक्त पैशांसाठी नाही.

विम्याच्या नियमाकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल, त्याचे शब्द सर्व कंपन्यांसाठी सारखे केले. त्यात दिसणे बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळली आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र वगळलेली नाही. तसेच आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करणारा उपचारही नाही, मात्र तशी आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केली पाहिजे. कंपन्यांचा युक्तिवाद ‘थेट आणि तातडीचा’ या शब्दांवर चालतो. हळूहळू उतरणाऱ्या पापणीत तातडी कुठली, असे ते विचारतात. माझे मत असे की तिथपर्यंत जाण्याची गरजच नाही. बाहुली झाकणारी पापणी वर उचलणे हा मुळी दिसणे बदलण्याचा उपचार नाही. तो दिसण्याचा नव्हे, पाहण्याचा प्रश्न आहे. वगळण्याचे ते कलम तिला लागूच होत नाही. पण हे म्हणता यायला मोजमाप हवे.

शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनने केली म्हणून ती सौंदर्याची, हाही एक समज आहे. अमरावतीकरांना तो पटू नये. दाजीसाहेब पटवर्धनांचे तपोवन आपल्या शेजारी आहे. कुष्ठरोगात चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला की डोळा मिटत नाही. उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होते, फूल पडते आणि दृष्टी जाते. जागतिक आरोग्य संघटना अशा न मिटणाऱ्या डोळ्याची गणना कुष्ठरोगाच्या दुसऱ्या, म्हणजे गंभीर श्रेणीच्या विकृतीत करते. तो डोळा मिटता यावा म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेने चेहराही थोडा बरा दिसतो. तेवढ्यावरून तिला सौंदर्योपचार म्हणायचे काय? आत वळलेल्या पापणीचेही तसेच. कापूस वेचणाऱ्या बाया चिमट्याने एकमेकींच्या पापणीचे केस उपटताना मी पाहिल्या आहेत. पूर्वी हे बहुतेक खुपऱ्यांमुळे होई. खुपऱ्यांचा प्रश्न भारताने सार्वजनिक पातळीवर संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. परंतु वयामुळे पापणी आत वळणे थांबलेले नाही, आणि उपटलेले केस काही आठवड्यांत पुन्हा उगवतात.

मेडिक्लेम नसणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी. त्यांचा आधार म्हणजे शासकीय योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. अकोल्याला ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून मिळाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली, त्यांत आपले दोन्ही जिल्हे होते. १ जुलै २०२४ पासून सर्वच शिधापत्रिकाधारकांना दार उघडले आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आले. केंद्राच्या जन आरोग्य योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, कार्ड मिळते. पडणाऱ्या पापण्यांचे पुष्कळ रुग्ण याच वयाचे आहेत. केंद्राच्या उपचार-यादीत पडलेली पापणी उचलणे, आत वळलेली व बाहेर वळलेली पापणी सरळ करणे या शस्त्रक्रिया आहेत. त्यामुळे ‘पापणीचे योजनेत काही होत नाही’ असे कोणी सांगितले तर तेथेच न थांबता रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेचे नाव सांगून विचारावे. मात्र योजनेत सामील असलेल्या प्रत्येक रुग्णालयात नेत्रविभाग असतोच असे नाही.

मोठ्या माणसाची पापणी सहा महिने थांबू शकते, परंतु लहान मुलाची थांबू शकत नाही. जन्मतः पडलेल्या पापणीने बाहुली झाकली गेली तर त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्रच मिळत नाही. डोळा निरोगी असूनही मेंदू त्याच्याकडून पाहायला शिकत नाही आणि तो डोळा कायमचा मंद राहतो. साधारण सात-आठ वर्षांनंतर पापणी कितीही सुरेख उचलली तरी गेलेले फारसे परत मिळत नाही. बाहुली झाकलेली नसेल तर तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करतात; झाकलेली असेल तर त्याच्याही आधी. ‘डोया बारीक हाये, मोठा झाला का होईन बरोबर’ असे आजी सांगते आणि दिवस जातात. त्यात कागद परत आला की वर्ष जाते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्या पथकातील डॉक्टरांना पापणी मुद्दाम दाखवावी आणि चिठ्ठीवर ‘जन्मतः’ हा शब्द व ‘बाहुली झाकलेली’ किंवा ‘न झाकलेली’ हे लिहून घ्यावे. या चार शब्दांनी पुढच्या टेबलावरचा वेळ वाचतो.

आता थोडे कडू बोलतो. “साहेब, योजनेत बसन असं लिहून द्या ना,” ही विनंती मला दर आठवड्याला ऐकावी लागते. करणारी माणसे लबाड नसतात, अडलेली असतात. काही दवाखाने तसे लिहूनही देतात. सैल कातडीच्या रुग्णाला अर्धांगवायूची पापणी लिहिली की फाईल पटकन सरकते. पण तो अर्धांगवायू मग त्या माणसाच्या नावावर कायमचा चिकटतो. उद्या त्याने नवी पॉलिसी काढली तर हा जुना आजार म्हणून त्याच्यापुढे येतो. कंपनी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते. त्याने तो आजार अर्जात लिहिला नाही तर माहिती लपवल्याचा ठपका. आणि उद्या खरोखर झटका आला तर डॉक्टर जुने कागद पाहून चकणार. शिवाय खोट्या फाईली वाढल्या की तपासनीस खऱ्या फाईलीही अडवू लागतात. दर्यापूरच्या त्या शेतकऱ्याचा नकार काही अंशी या खोट्या फाईलींचीच किंमत असावी, असा मला संशय आहे. हौसेने पापण्या नीटनेटक्या करून घ्यायला माझी हरकत नाही. ज्याला परवडते त्याने स्वतःच्या पैशाने अवश्य करावे, आणि बिलावर तसे लिहावे.

बिलाचेही दोन शब्द. पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया धरली असेल तर कातडी काढण्याचे वेगळे, टाक्यांचे वेगळे, टाके काढण्याचे पुन्हा वेगळे असे पैसे लावणे योग्य नाही. दोन्ही पापण्या असतील तर दोन्हींचा उल्लेख मंजुरीच्या अर्जातच हवा. उजवीची मंजुरी घेऊन डावीही केली की दुसरीचे बिल हमखास लोंबकळते. तपशीलवार बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. ‘किरकोळ’ या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर फोड मागावी. केस पेपरची प्रत मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत द्यावी, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतच म्हटले आहे. प्रत मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

नकार आलाच तर तो लेखी घ्यावा, त्यावर कोणते कलम लावले ते पाहावे आणि प्रथम कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही. शासकीय योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. तक्रारीसोबत नकाराचे पत्र, पॉलिसी किंवा कार्डाची प्रत, मोजमाप लिहिलेला केस पेपर आणि पापणीचा फोटो जोडावा. फोटो मोबाईलवर काढलेला चालतो. मात्र तो कपाळ सैल सोडून, हनुवटी सरळ ठेवून, समोर पाहताना काढलेला हवा. फोटोसाठी माणूस नकळत भुवया ताणतो, आणि ताणलेल्या भुवयांखाली पडलेली पापणीही बरी दिसते.